ज्योतिष, खगोल, विश्वरचना : एका शास्त्राची तीन नावे

आपल्या शाळेचा कोणत्याही वर्षाचा हजेरीपट उघडला, तरी त्यात दोन-चार जोशी सापडतातच. हे आडनाव म्हणजे ‘ज्योतिषी’ या शब्दाचे प्राकृतातून झिजत आलेले रूप. गावचा जोशी तिथी सांगे, पावसाचे नक्षत्र सांगे, ग्रहण केव्हा लागेल आणि केव्हा सुटेल ते सांगे, लग्नाचा मुहूर्त काढी आणि नवजात मुलाची पत्रिकाही मांडी. ही सर्व कामे तो एकाच पंचांगावरून करी, आणि त्या सर्वांना मिळून ‘ज्योतिष’ हे एकच नाव होते. आज ग्रहणाची वेळ सांगणारे शास्त्र वेगळे मानले जाते आणि पत्रिका पाहणारी विद्या वेगळी. पण वाटणी झाली तेव्हा जुने नाव दुसरीच्या वाट्याला गेले, आणि पहिलीला नवे नाव शोधावे लागले. ही वाटणी कशी झाली, हे या लेखात सांगायचे आहे. तिचा बराचसा भाग पुण्या-मुंबईत नव्हे, तर माळव्यात आणि काशीत, आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांच्या हातून घडला. म्हणून हीरकमहोत्सवी स्मरणिकेत तो सांगणे अस्थानी होणार नाही.

‘ज्योतिस्’ म्हणजे तेज, आणि त्यावरून आकाशातील तेजस्वी गोल. त्यांची विद्या ती ज्योतिष. लगधाच्या नावावर असलेल्या ‘वेदांगज्योतिष’ या आपल्याकडील सर्वांत जुन्या उपलब्ध ज्योतिषग्रंथात पाच वर्षांचे युग आहे, त्या युगाचे १८३० दिवस आहेत, सूर्य-चंद्राच्या गतींवरून तिथी व नक्षत्र काढण्याच्या रीती आहेत. कोणाचा जन्म कोणत्या घटकेला झाला आणि त्याचे पुढे काय होणार, याचा त्यात विचारच नाही. यज्ञ योग्य काळी व्हावा, एवढ्यासाठी ती गणना होती.

यावरून ‘खरे ज्योतिष म्हणजे केवळ खगोलगणित, फलज्योतिष ही मागाहून शिरलेली भेसळ’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने ज्योतिषाचे तीन स्कंध सांगितले : गणित, म्हणजे ज्याला तो तंत्र म्हणतो, होरा, म्हणजे जातक, आणि संहिता, जिच्यात मेघांपासून रत्नांपर्यंत आणि धूमकेतूंपासून घराच्या पायापर्यंत सर्व काही येते. त्याने स्वतः तिन्ही स्कंधांत ग्रंथ लिहिले. ‘पंचसिद्धांतिके’त जुने गणिती सिद्धांत संकलित केले, ‘बृहज्जातक’ होरेवर रचले आणि ‘बृहत्संहिता’ तर प्रसिद्धच आहे. म्हणजे निदान दीड हजार वर्षे हा शब्द एका मोठ्या छत्रीसारखा होता. त्या छत्रीखाली गणिती आणि भविष्यवेत्ता शेजारी शेजारी उभे होते, आणि पुष्कळदा ते एकच गृहस्थ असत.

आता ‘खगोल’. हा शब्द आज आपण पूर्ण शास्त्राला लावतो, पण सिद्धांतग्रंथांत त्याचा अर्थ फार नेमका होता. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्याच्या गोलाध्यायात वेळूच्या कांबींचा गोल कसा बांधावा हे सांगितले आहे. हे विद्यार्थ्याला आकाश समजावण्याचे साधन होते, आपल्या प्रयोगशाळेतील प्रतिकृतीसारखे. त्यात मध्ये पृथ्वी. तिच्याभोवती भगोल, म्हणजे नक्षत्रांचा गोल. त्यावर विषुववृत्त आणि क्रांतिवृत्त. त्याच्या बाहेर खगोल, म्हणजे पाहणाऱ्याच्या ठिकाणानुसार बदलणारा गोल; त्यावर क्षितिज, दक्षिणोत्तर वृत्त, पूर्वापर वृत्त. दोहोंची वृत्ते एकत्र बांधलेला तो दृग्गोल. तेव्हा खगोल म्हणजे तीन सांगाड्यांपैकी एक सांगाडा. उज्जयिनीचा खगोल वेगळा आणि लंकेचा वेगळा, कारण दोन्ही ठिकाणांची क्षितिजे वेगळी. ‘भूगोल’ या शब्दाचेही असेच झाले. तो शब्द पृथ्वीच्या गोलाचा होता. शाळेच्या वेळापत्रकात येऊन तो विषयाचे नाव झाला. भूगोलाला जोड म्हणून खगोल हा शब्द किती सहज बसतो, हे कोणाच्याही कानाला कळते.

याच ग्रंथातील आणखी एक शब्द मात्र वापरातून गेला, आणि त्याबद्दल मला खंत वाटते. तो शब्द म्हणजे ‘खकक्षा’, आकाशाची कक्षा. विश्वाच्या आकाराविषयी प्राचीन गणकांनी काय म्हटले, हे ज्याला पाहायचे असेल त्याने हा शब्द गाठावा. सूर्यसिद्धांतात आकाशकक्षेचा परीघ १८,७१२,०८०,८६४,०००,००० योजने दिला आहे. भास्कराचार्यांचा आकडा १८,७१२,०६९,२००,०००,००० योजने. सतरा अंकी संख्या पाहून आपण थक्क होतो आणि काही उत्साही लेखक येथेच ‘आमच्या पूर्वजांना विश्वाचे मोजमाप ठाऊक होते’ असे लिहून मोकळे होतात. पण ही संख्या कशी आली ते पाहण्याचे श्रम घेतले, तर गोष्ट अधिक मनोरंजक ठरते.

सिद्धांतकारांचे गृहीत असे की सर्व ग्रह दररोज सारखीच योजने चालतात. जवळचा ग्रह लहान वर्तुळात फिरतो म्हणून भराभर फिरलेला दिसतो, लांबचा मोठ्या वर्तुळात म्हणून मंद. चंद्राची कक्षा ३,२४,००० योजने. एका कल्पात, म्हणजे ४३२ कोटी वर्षांत, भास्कराचार्यांच्या मते चंद्राच्या ५७,७५,३३,००,००० प्रदक्षिणा होतात. दोन्हींचा गुणाकार करा. वरचा आकडा तंतोतंत मिळतो. दहावीच्या विद्यार्थ्याने कागदावर करून पाहावा इतका तो सोपा आहे. सूर्यसिद्धांतात चंद्राच्या प्रदक्षिणांची संख्या किंचित वेगळी आहे, म्हणून त्याची आकाशकक्षाही किंचित वेगळी येते. तेव्हा हा आकडा विश्वाचे माप नाही. एका कल्पात एक ग्रह एकंदर किती चालतो, त्या अंतराला दिलेले ते नाव आहे.

हे मी आजच्या शहाणपणातून म्हणत नाही. भास्कराचार्यांनीच म्हटले आहे. त्यांनी आधी इतरांची मते नोंदवली : कोणी या परिघाला ब्रह्मांडाचा घेर म्हणतात, कोणी लोकालोक पर्वताचा, तर कोणी म्हणतात की सूर्याचे किरण जेथवर अंधार हटवतात तेथवरचा हा परीघ. आणि मग स्वतःचे मत सांगितले. त्याचा आशय असा की, ब्रह्मांड एवढे असो वा नसो, कल्पात ग्रह जितकी योजने आक्रमितो तितक्यांना पूर्वसूरींनी खकक्षा म्हटले आहे, आणि आम्हांला मान्य आहे ते एवढेच. जे मोजता येते त्याला नाव द्यावे, जे मोजता येत नाही त्याविषयी ‘असो वा नसो’ म्हणून पुढे जावे. विश्वाचा अभ्यास म्हणजे काय, याची इतकी स्वच्छ मर्यादा घातलेले वाक्य मला तरी जुन्या ग्रंथांत दुसरे आढळलेले नाही.

गंमत अशी की याच भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. चाळीसगावजवळ पाटणे येथील शिलालेखात, आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने मठ स्थापल्याची नोंद आहे. राजाचा ज्योतिषी राजाला काय सांगत असेल, याची कल्पना करता येते. छत्री एकच होती, ती अशी.

ती फाटायला सुरुवात झाली सिहोरला. इंदूर-भोपाळ रस्त्यावरचे हे गाव. १८३० च्या दशकात तेथे लान्सलॉट विल्किन्सन हा भोपाळ दरबारचा इंग्रज पोलिटिकल एजंट राहत होता. त्याने तेथील संस्कृत पाठशाळेत सिद्धांतग्रंथ शिकवण्याची व्यवस्था केली. त्याचा विचार साधा होता. कोपर्निकसचे मत भारतीय विद्यार्थ्यापुढे एकदम ठेवले, तर तो ते परके म्हणून झिडकारील. पण पृथ्वी वाटोळी आहे आणि निराधार आहे हे भास्कराचार्यांकडून कळले, की पुढची पायरी चढणे सोपे. त्याचा हेतू निव्वळ विद्याप्रेमाचा होता असे नाही. राज्यकर्त्याची दृष्टी त्यात होतीच. पण परिणाम मराठीच्या दृष्टीने मोठा झाला. त्याच्या सहवासातील सुबाजी बापू या मराठी शास्त्र्याने १८३६ मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे मराठी पुस्तक लिहिले. त्यात पुराणांतील मेरू आणि सप्तद्वीपांचे विश्व, सिद्धांतांतील गोल पृथ्वीचे विश्व आणि कोपर्निकसचे सूर्यकेंद्री विश्व, अशा तीन विश्वरचनांची तुलना आहे. याच शाळेच्या ओंकार भट्टांचे ‘भूगोलसार’ नंतर हिंदीत आले. म्हणजे विश्वरचनेची तुलनात्मक चर्चा आधुनिक मराठीत प्रथम करणाऱ्यांत माळव्यातला हा शास्त्री आहे, ही गोष्ट आपल्या इकडच्या मराठी मंडळींनाही फारशी ठाऊक नसते.

पुस्तकावर वादळ उठले. पुराणे आणि सिद्धांत यांत विरोध नाहीच, असे प्रतिपादन करण्यासाठी यज्ञेश्वर रोडे यांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहिला आणि सुबाजी बापूंनी त्याला उत्तर दिले. या वादात दोन्ही पक्षांच्या तोंडी ‘ज्योतिष’ हा शब्द येतो तो गणिताच्या, सिद्धांताच्या अर्थाने. एका बाजूस पुराण, दुसऱ्या बाजूस ज्योतिष. आजच्या वाचकाला हे उलटेच वाटेल! आज कोणी ‘विज्ञान विरुद्ध ज्योतिष’ असे म्हटले, तर आपण मान डोलावतो; तेव्हा ज्योतिष हीच विज्ञानाची बाजू होती.

सिहोरच्या पाठशाळेतूनच बापूदेव शास्त्री बाहेर पडले. मूळचे नगरकडच्या मराठी घराण्यातले, नागपुरात गणित शिकलेले, विल्किन्सनने सिहोरला आणलेले. १८४२ मध्ये ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले आणि तेथेच त्यांनी आयुष्य वेचले. १८६१ मध्ये त्यांनी केलेले सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर आणि विल्किन्सनचे गोलाध्यायाचे त्यांनी तपासलेले भाषांतर एकत्र प्रसिद्ध झाले. संस्कृत, मराठी, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषांत ज्याचा वावर होता, अशा या शास्त्र्याला पदवी मिळाली ती महामहोपाध्याय. त्याला ज्योतिषी म्हणावे की खगोलशास्त्रज्ञ, हा प्रश्न त्याच्या काळी कोणाला पडला नसता.

तिकडे पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून युरोपीय वेधांच्या आधाराने ग्रहगणित मराठीत आणले. आणि मग या क्षेत्रातला सर्वांत मोठा मराठी ग्रंथ : शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’, प्रकाशन १८९६. दीक्षित कोकणातल्या मुरूडचे, व्यवसायाने शिक्षक. जुन्या पोथ्या मिळवून, प्रत्येक ग्रंथाचे अंक स्वतः गणित करून तपासून, त्यांनी वेदकालापासून स्वतःच्या काळापर्यंतचा इतिहास उभा केला. ग्रंथाची बहुतेक पाने गणितस्कंधाला गेली आहेत. संहिता आणि जातक यांना शेवटी थोडी जागा. याच लेखकाने सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे पुस्तक लिहिले. ते आकाशदर्शनाचे पुस्तक आहे. १८९० च्या दशकातील मराठी वाचकाला ‘ज्योतिर्विलास’ या नावावरून रात्रीचे आकाश आठवत होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दीक्षितांचा हा ग्रंथ पुढे हिंदीत व इंग्रजीत गेला. पण शब्दाने दगा दिला. एका सार्वजनिक ग्रंथालयात मी तो राशिभविष्याच्या, हस्तसामुद्रिकाच्या आणि ‘रत्ने व त्यांचे प्रभाव’ अशा पुस्तकांच्या कपाटात पाहिला. ग्रंथपालांचा दोष म्हणावा तर त्यांनी मुखपृष्ठ वाचूनच तो तेथे ठेवला होता. ड्यूईच्या वर्गीकरणात खगोलशास्त्राला ५२० आणि फलज्योतिषाला १३३ या क्रमांकांखाली जागा आहे. दोहोंमध्ये जवळजवळ चारशे क्रमांकांचे अंतर. मराठी शीर्षकात तेवढे अंतर उरलेले नाही. परिणाम असा की ज्याला भारतीय खगोलगणिताचा इतिहास हवा आहे त्याला हा ग्रंथ सापडत नाही, आणि ज्याला तो सापडतो तो पहिल्या चार पानांत निराश होऊन परत ठेवतो.

नावाची वाटणी नेमकी केव्हा झाली? तिची तारीख देता येत नाही, पण तिच्या दोन खुणा ठळक आहेत. १९४४ मध्ये पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था निघाली, तिचे नाव ‘ज्योतिर्विद्या परिसंस्था’. १९८५ मध्ये मुंबईत तशीच संस्था निघाली, तिचे नाव ‘खगोल मंडळ’. दोघींचे काम एकच : दुर्बिणी, ग्रहणे, उल्कावर्षाव, मुलांना आकाश दाखवणे. एकीच्या नावात जुना शब्द अभिमानाने आहे. दुसरीच्या वेळेपर्यंत तो गैरसमजाशिवाय वापरणे अवघड झाले होते. तिसरी खूण १९८८ ची : पुण्यात विद्यापीठांसाठी केंद्र स्थापन झाले, तेव्हा त्याच्या मराठी नावात ‘खगोलशास्त्र व खगोलभौतिकी’ आले. आयुका म्हणून आपण ते ओळखतो.

कारण शोधायचे तर ते पोटापाण्यात शोधावे असे मला वाटते. छत्रे, दीक्षित यांच्यासारख्यांचे गणित पंचांगात मुरून गेले; तिथी-ग्रहणांचे आकडे तयार मिळू लागले. गणित करणाऱ्याची गावोगावी गरज राहिली नाही, पत्रिका पाहणाऱ्याची मात्र राहिली. ज्या ज्योतिष्याला लोक प्रत्यक्ष भेटत, त्याच्या कामावरूनच शब्दाचा अर्थ ठरला. नव्या शिक्षणात गणिताची बाजू महाविद्यालयात गेली, आणि तेथे तिला इंग्रजी नाव मिळाले.

‘वेध’ या शब्दाचे भाग्य थोडे बरे. तो ‘व्यध्’, म्हणजे विंधणे, या धातूचा. नजरेने तारा विंधायचा, म्हणून वेध घेणे. वेध घेण्याची जागा ती वेधशाळा. पण मराठीत ग्रहणाचेही वेध लागतात, त्या वेळी घरातली आजी स्वयंपाक थांबवते. आणि मुलांना दिवाळीच्या सुट्टीचेही वेध लागतात. निरीक्षण, विटाळ आणि ओढ, तिन्ही एका शब्दात सुखाने नांदतात. पावसाळ्यात वर्तमानपत्रात ‘वेधशाळेचा अंदाज’ येतो तो हवामानाचा, ताऱ्यांचा नव्हे. आपल्या शेजारच्या उज्जयिनीत मात्र वेधशाळा अजून जुन्या अर्थाची आहे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात ती बांधली. भारतीय गणकांची मध्यरेखा याच नगरातून जात होती, तेव्हा जागेची निवड उघड आहे. पुढे पडझड झाली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे या ज्योतिर्गणित्याकडे तिची व्यवस्था आली. दीक्षितांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणारे प्रा. वैद्य हेही याच वेधशाळेशी संबंधित. सम्राट यंत्राच्या पायऱ्यांवर ज्या मुलांनी सहलीत छायाचित्रे काढली आहेत, त्यांनी मराठी माणसांनी राखलेली ही जागा पाहिली आहे.

शब्दाच्या दुहेरी अर्थाचा प्रश्न केवळ ग्रंथालयाच्या कपाटापुरता राहिला नाही. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ‘ज्योतिर्विज्ञान’ हा अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले. नावात ‘विज्ञान’ होते, आशय फलज्योतिषाचा होता. अनेक शास्त्रज्ञांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २००४ मध्ये न्यायालयाने शास्त्रज्ञांची याचिका फेटाळली. अभ्यासक्रम ठरवणे हे तज्ज्ञ संस्थेचे काम, न्यायालयाचे नव्हे, अशी भूमिका निकालात होती. त्यानंतर जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळून ज्योतिष्यांना दिल्या. कोणती कोणाची हे ओळखायचे. प्रत्येकी ४० पत्रिका, उत्तरे पाठवणारे २७ ज्योतिषी. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के आले. नाणे उडवून सुमारे ५० टक्के आले असते.

नारळीकरांचे नाव आले, तेव्हा तिसऱ्या शब्दाकडे वळू. ग्रहताऱ्यांच्या पलीकडे, संपूर्ण विश्वाचा एक वस्तू म्हणून विचार करणाऱ्या शास्त्राला इंग्रजीत कॉस्मॉलॉजी म्हणतात. ग्रीक ‘कॉस्मॉस’ म्हणजे सुव्यवस्था, आणि अलंकरणही. सौंदर्यप्रसाधनांना कॉस्मेटिक म्हणतात ते त्याच शब्दावरून. कॉस्मॉलॉजी हा शब्द १६५६ च्या एका इंग्रजी कोशात आढळतो. १७३१ मध्ये क्रिस्टियन वोल्फ या जर्मन तत्त्वज्ञाने तो ग्रंथनामात घेतला, आणि पुढे दीर्घकाळ तो तत्त्वज्ञानाच्या एका शाखेचे नाव राहिला. आइन्स्टाइनने १९१७ मध्ये सापेक्षतेचे समीकरण संपूर्ण विश्वाला लावले, तेव्हापासून त्याचा भौतिकशास्त्राकडे प्रवास सुरू झाला. शब्दाने घर बदलणे हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही.

आपल्या भाषांत विश्वाला तीन मोठे शब्द आहेत आणि तिन्हींची चित्रे वेगळी. ‘ब्रह्मांड’ म्हणजे अंडे. त्याला कवच आहे, मर्यादा आहे. हिंदीने हा शब्द घेतला, म्हणून आपली मुले बाहेर ‘ब्रह्माण्ड विज्ञान’ ऐकतात. ‘जगत्’ म्हणजे जे चालते, बदलते. ‘विश्व’ म्हणजे नुसते सर्व. वेदांतले विश्वेदेव म्हणजे सगळे देव. मराठीने विश्व पत्करले आणि ‘विश्वरचनाशास्त्र’ हा शब्द घडवला. यातील ‘रचना’वर काहींचा आक्षेप असतो की ती रचणारा कोणीतरी सुचवते. मला तो पटत नाही. शरीररचनाशास्त्र म्हणताना शरीर कोणी रचले हे आपण विचारत नाही. माझी अडचण वेगळी आहे. शरीररचना शिकवणारा शरीर स्थिर धरून शिकवतो. विश्वही स्थिर आहे असे आइन्स्टाइनला १९१७ मध्ये वाटत होते. १९२९ मध्ये हबलने दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात असल्याचे दाखवल्यावर ते चित्र टिकले नाही. ज्या विश्वाला १३८० कोटी वर्षांचा इतिहास आहे, त्याला ‘रचना’ अपुरी पडते. ‘विश्वोत्पत्तिशास्त्र’ म्हणावे तर ते उत्पत्तीपाशीच थांबते. ‘विश्वशास्त्र’ हा आखूड शब्द मला सर्वांत बरा वाटतो. फक्त आज ‘विश्व’ इतके स्वस्त झाले आहे, साड्यांचे विश्व आणि फर्निचरचे विश्व इतक्या दुकानांवर झळकते, की विश्वशास्त्र म्हणजे काय असे एखाद्याने विचारले तर रागावू नये.

नारळीकरांनी आत्मचरित्राचे नाव ठेवले ‘चार नगरांतले माझे विश्व’. त्यातले पहिले नगर वाराणसी. वडील विष्णू वासुदेव नारळीकर काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, सापेक्षतेचे अभ्यासक. घर मराठी, गाव हिंदी. बापूदेव शास्त्र्यांनंतर सुमारे नव्वद वर्षांनी त्याच शहरात दुसरे मराठी गणिती घर उभे राहिले होते, आणि त्या घरातला मुलगा केंब्रिजला जाऊन फ्रेड हॉइल यांच्यासह विश्वाच्या प्रश्नाला भिडला. त्या विश्वविद्यालयात ज्योतिषाचा स्वतंत्र विभागही आहे. गणिताचा वेगळा.

हॉइल यांनीच १९४९ मध्ये बीबीसीच्या भाषणात ‘बिग बँग’ हा शब्दप्रयोग केला. त्यांचा स्वतःचा सिद्धांत स्थिर-स्थितीचा. विरुद्ध मताचे चटकन ध्यानी येईल असे वर्णन त्यांना करायचे होते. शब्द चिकटला. मराठीत त्याचा ‘महास्फोट’ झाला आणि एक अडचण वाढली. ‘बँग’मध्ये निदान आवाजच आहे, ‘स्फोट’ म्हटले की फुटणारी वस्तू आली, ती फुटली ती जागा आली आणि भोवतीचा मोकळा अवकाश आला. सिद्धांतात यांपैकी काहीही नाही. तेथे अवकाशच ताणला जातो, आणि आरंभाचे ठिकाण म्हणून कोठेही बोट ठेवता येत नाही. विज्ञानाच्या तासाला ‘सर, तो स्फोट कुठे झाला?’ हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच. शिक्षकाला आधी शब्द सोडवावा लागतो, मग विश्व.